इप्पोचा ॲनिमे संपला. आता मांगा (मूळ जपानी चित्रकथा) पुढे वाचावा की इथेच थांबावं?

पाऊलवाट | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार.

जूनपासून मी आणि माझा लेक (आठवीत आहे) रोज जेवणं झाली की 'हाजिमे नो इप्पो' या बॉक्सिंगवरच्या जपानी ॲनिमेचा (कार्टून मालिकेचा) एक भाग बघत होतो. नियम ठरलेला होता. एकच भाग, आणि आधी भांडी घासून ठेवायची. २००० ते २००२ ची पहिली मालिका ७५ भागांची, २००९ ची 'न्यू चॅलेंजर' २६ ची, २०१३-१४ ची 'रायझिंग' २५ ची. शिवाय २००३ चा 'चॅम्पियन रोड' आणि माशिबा-किमुरा लढतीचा सुटा भाग. परवा 'रायझिंग' संपली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माकुनोउची इप्पो हा शाळकरी पोरगा. वडील समुद्रात वारलेले, आई होडी चालवते, हौशी लोकांना गळ टाकायला खोल पाण्यात नेते, आणि हा तिला मदत करतो. अंगाला मासळीचा आणि आमिषाच्या गांडुळांचा वास येतो म्हणून वर्गातली पोरं त्याला 'गांडूळ' म्हणतात, मारतात. एके दिवशी ताकामुरा नावाचा बॉक्सर त्याला सोडवतो आणि जिममध्ये आणतो. इप्पोच्या मनात एकच प्रश्न असतो : बलवान असणं म्हणजे नेमकं कसं वाटत असेल? तिथून पुढची सगळी गोष्ट.

शेवटचा भाग संपल्यावर लेक बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबा, पुढे काय?" पुढे काय ते नेटवर शोधायला गेलो आणि नको ते वाचून बसलो. इप्पो पुढे हरतो, पुन्हा हरतो आणि ग्लोव्ह्ज उतरवतो म्हणे! खरं सांगतो, मला त्या रात्री झोप लागली नाही. या पोराने त्या इप्पोकडे बघून पहाटे उठून पळायला सुरुवात केली आहे. त्याला पुढचं वाचू द्यावं का? की सेन्दोबरोबरची दुसरी लढत, ती बेल्ट कमरेला बांधलेली संध्याकाळ, तिथेच गोष्ट संपली असं मानून चालावं?

ज्यांनी पुढे वाचलं आहे त्यांनी सांगा. लेक हा धागा वाचत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहा.

निवांत_नारळ | शनिवार, रात्री ९:५२

थांबा. मी पुढे वाचलं आणि आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

बाकी_आहे | शनिवार, रात्री १०:०५

काका, इप्पो सोडा, 'बाकी' बघा. बाकी सगळं बाकी राहू द्या!

आठवीतल्या पोराला मात्र दाखवू नका, रक्त फार आहे. इतागाकी केइसुकेंनी ते १९९१ ला सुरू केलं आणि अजून चालू आहे. टोकियो डोमच्या खाली गुप्त आखाडा आहे अशी कल्पना, आणि तिथे कराटे, आयकिदो, कुस्ती, चिनी मार्शल आर्ट सगळे एकमेकांना भिडतात. त्यातला नायक तर मनातल्या मनात माणसाएवढा प्रार्थनाकीटक (प्रेइंग मँटिस) उभा करून त्याच्याशी लढतो. मी ते भाग बघून घरच्या आरशासमोर किती घाम गाळला आहे, सांगून सोय नाही.

लाल_कोपरा | शनिवार, रात्री ११:३०

पाऊलवाट, वाचा. मुलालाही वाचू द्या. का ते सांगतो, जरा लांबेल.

मी कॉलेजात असताना चार वर्षं बॉक्सिंग केलं, विद्यापीठापर्यंत खेळलो. इप्पो पहिल्यांदा बघितला तो हॉस्टेलच्या खोलीत, मित्राच्या संगणकावर, सहा जण एका पलंगावर. आम्हाला धक्का बसला तो याचा की यात सगळं खरं आहे. इप्पो दोन्ही मुठी गालाला चिकटवून, खाली वाकून आत घुसतो, ती पीकाबू पद्धत म्हणजे टायसनचे गुरू कस द'अमातो यांची. उसळी घेऊन मारायचा गझेल पंच बॉक्सर फ्लॉइड पॅटरसनचा. डेम्प्सी रोल, म्हणजे अंग डोलवत दोन्ही बाजूंनी मारलेले ठोसे, जॅक डेम्प्सीच्या नावाचा. तो १९१९ ते १९२६ हेवीवेट विजेता होता, आणि १९१९ मध्ये त्याने जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडलं होतं. माशिबाचा डावा हात कमरेपाशी लोंबतो आणि चाबकासारखा येतो, तो बॉक्सर थॉमस हर्न्सचा. मांगाकार मोरिकावा जॉर्ज या माणसाने नुसती पुस्तकं वाचून हे काढलेलं नाही. त्यांची स्वतःची बॉक्सिंग जिम आहे आणि ते खऱ्या बॉक्सरच्या कोपऱ्यात उभे राहतात.

पानांचा प्रसंग आठवतोय? ताकामुरा झाडाला दणका देतो आणि गळणारी पानं एका हाताने पकडायला सांगतो. दहा पानं, आठवड्याची मुदत. आम्ही मैदानाकडेच्या बदामाखाली हे करून पाहिलं. पान सरळ खाली येतच नाही, शेवटच्या वितीत हात बघून वळल्यासारखं वळतं. मूठ आवळत गेलात तर हाताच्या वाऱ्यानेच ते उडतं. हात सैल सोडायचा, पानापाशी पोचल्यावर मिटायचा आणि त्याच वेगाने परत आणायचा. जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) म्हणजे हेच! आमच्या प्रशिक्षकांनी वर्षभर ओरडून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या झाडाखाली दोन दिवसांत हाताला कळलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तिसऱ्या वर्षी सरावातच माझ्या कानशिलावर एक हुक (बाजूने येणारा ठोसा) बसला. पडलो नाही. फेरी पूर्ण केली, बँडेज सोडलं, सायकल काढली आणि खोलीचा रस्ता आठवेना. दहा मिनिटं चौकात उभा होतो. कुणाला बोललो नाही, कारण पंधरा दिवसांवर स्पर्धा होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमच्या एका सीनिअरने माझं नाव खोडायला लावलं. मी त्याच्याशी सहा महिने बोललो नाही. पुढे मांग्यात इप्पो उठून चालू लागतो ती प्रकरणं वाचली आणि त्या सीनिअरला फोन केला.

मुलगा पहाटे पळतोय म्हणता ना? मग त्याने हे वाचायलाच हवं.

सुरमई | रविवार, सकाळी ७:१५

लाल_कोपरा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही. माझ्या भावाने लावलं होतं म्हणून मी पहिला भाग बघितला आणि तिथेच अडकले ती इप्पोच्या आईमुळे. आम्ही रत्नागिरीकडचे, घरात दोन होड्या. माझे आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. इप्पोचे वडील आपल्या माणसाला वाचवताना गेले, हे कळतं तेव्हा ती बाई जास्त बोलत नाही. बर्फाची पेटी उचलते आणि कामाला लागते. आमच्याकडे असंच असतं. आजोबांचा एक खलाशी वादळात गेला, त्याची बायको तेराव्यानंतर थेट जेटीवर आली, टोपली घेऊन.

आणि तो वास! शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही, म्हणून मी बाकाच्या कडेला दप्तर ठेवायचे, म्हणजे जागा भरलेली दिसेल. इप्पो हात धुतो आणि मग पुन्हा हुंगून बघतो तसं मीही करायचे. लिंबू चोळून बघितलंय, चिंच चोळून बघितलीय. जात नाही तो.

पाठ कशी मजबूत झाली याचं उत्तर कामोगावा कोच देतात ना, की हे होडीवर डोलत उभं राहून, जड पेट्या उचलून झालंय? ते ऐकताना माझ्या भावाने टीव्ही थांबवला. म्हणाला, "बघ, आपल्या कामाची कुणीतरी दखल घेतली."

म्हणून म्हणते, वाचा. पुढे इप्पो घरी परततो तेव्हा त्या होडीवरच परततो. मला तर ती प्रकरणं लढतींपेक्षा जास्त आवडतात.

वाट_बघतोय | रविवार, सकाळी ९:२०

माझं नाव वाचा, त्यातच सगळं आलं. इप्पोचा पहिला प्रतिस्पर्धी मियाता विरुद्ध इप्पो! पहिल्या काही भागांत दोघं जिममध्ये दोनदा भिडतात, एकदा हा, एकदा तो, आणि ठरतं की खरा निकाल व्यावसायिक रिंगणात. माशिबाने मियाताच्या पायावर पाय दिला आणि नवोदितांच्या स्पर्धेतला तो सामना हुकला. ठीक आहे, तेव्हा चीड आली पण समजून घेतलं. पुढे मांग्यात एकदा सामना जवळजवळ ठरतो आणि मियाताच माघार घेतो, रँडी बॉय ज्युनिअरशी लढायला जातो. तिथे मी पुस्तक मिटलं. सहा महिने हात लावला नाही.

मियाता बिचारा इप्पोसाठी फेदरवेटमध्ये राहतो हे मला मान्य आहे. फेदरवेटची मर्यादा ५७.१५ किलो, आणि त्या उंचीच्या माणसाने तेवढ्यात राहायचं म्हणजे उपासमार. पण मग ती उपासमार कशासाठी?

कात्री | रविवार, सकाळी १०:०५

वाट_बघतोय यांना अनुमोदन, आणि मी जरा पुढे जाऊन लिहितो. १९८९ पासून चालू असलेली गोष्ट, १४० हून अधिक खंड, आणि नायक कित्येक वर्षं रिंगणाबाहेर. साप्ताहिकात आठवड्याला थोडीच पानं, त्यात एकेक लढत महिनोन्‌महिने. मधल्या काळातले काही प्रतिस्पर्धी मला भरतीचे वाटले. इंडोनेशियाचा तो वोली, माकडासारखा दोरांवर उड्या मारणारा, तिथे मोरिकावांनी आपणच घातलेला खरेपणाचा नियम मोडला. मी या गोष्टीवर जीव टाकला आहे म्हणून बोलतो. पाऊलवाट, ॲनिमे जिथे थांबला तिथे गोष्ट आपल्या सर्वोत्तम उंचीवर आहे.

लाल_कोपरा | रविवार, सकाळी १०:४०

कात्री, वोलीबद्दल सहमत. पण 'गेडो'ची लढत वाचलीत ना? फिलिपाइन्सचा माल्कम गेडो, पैसे घेऊन सामने सोडणारा. तो भरतीचा नाही. हरायला सरावलेल्या माणसाला शेवटी लढावंसं वाटतं, तेवढ्यासाठी ती लढत आहे.

दाते_कुणाचे | रविवार, दुपारी १२:१०

वातावरण जड झालंय म्हणून एक घरचा किस्सा. मी 'एइजी दाते' असलेले भाग बघत होतो. आजी बाजूला शेंगा सोलत होती. "दाते? कुठले दाते? पंचांगवाले?" मी म्हटलं, आजी, जपानचे. ती म्हणाली, "तिकडे कधी गेले?" मग तिने तो सबंध सामना बघितला. दातेंचा जबडा मोडतो, मूठ मोडते, तरी जगज्जेत्या रिकार्दो मार्तिनेससमोर ते उभे राहतात. आजी डोळे पुसत म्हणाली, "बायकोला कुणीतरी घरी न्या रे, तिला बघवणार नाही."

आता घरात त्यांना 'आपले दाते'च म्हणतात. इप्पोला पहिल्यांदा हरवलं ते आपल्या दात्यांनी, याचा आजीला अभिमान आहे.

सुरमई | रविवार, दुपारी १२:१८

आजींना साष्टांग नमस्कार.

बाकी_आहे | रविवार, दुपारी १२:३०

दाते_कुणाचे, हसून हसून पोट दुखलं. आजींना सेन्दोही दाखवा. त्याची आजी लहान मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांचं दुकान चालवते, दोघींचं जमेल.

ओसाकाहून | रविवार, दुपारी ३:४५

इथे नोकरीला येऊन नऊ वर्षं झाली. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, नाव. 'इप्पो' म्हणजे एक पाऊल, 'हाजिमे नो इप्पो' म्हणजे पहिलं पाऊल. इथली मुलं एक खेळ खेळतात, आपल्या 'स्टॅच्यू'सारखा. एक जण झाडाकडे तोंड करून उभा राहतो, बाकीचे मागून हळूहळू पुढे सरकतात, त्याने वळून बघितलं की जागच्या जागी गोठायचं. खेळ सुरू होताना सगळी पोरं एक उडी पुढे टाकतात आणि ओरडतात, "हाजिमे नो इप्पो!" आमच्या घरामागच्या बागेत संध्याकाळी हे ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खिडकीत धावलो होतो.

दुसरी, कोराकुएन हॉल. इप्पोच्या बहुतेक टोकियोतल्या लढती जिथे होतात ती खरी जागा आहे, टोकियो डोमच्या अगदी शेजारी. म्हणजे बाकी_आहे यांचा भुयारी आखाडा आणि आमचा हॉल एकाच आवारातले. हॉल पाचव्या मजल्यावर आहे. मी मुद्दाम लिफ्ट सोडून जिन्याने गेलो, कारण तिथल्या भिंती चाहत्यांनी लिहून भरवून टाकल्या आहेत. आत गेल्यावर वाटलं, अरे, एवढंच? इतकी लहान जागा. पण बसल्यावर कळलं. पोटात ठोसा बसला की हवा बाहेर पडल्याचा 'हफ्' असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येतो. चार फेऱ्यांची लढत होती, दोन्ही मुलं पहिल्यांदाच उतरलेली. एकाचे आईवडील माझ्या पुढच्या रांगेत. आईने शेवटची दीड मिनिटं पर्सच्या पट्ट्याकडे बघत काढली. हरला तो. खाली उतरून चारी बाजूंना वाकून नमस्कार करत गेला.

मांग्याबद्दल : मोरिकावांनी बरीच वर्षं डिजिटल आवृत्ती काढू दिली नव्हती, २०२१ मध्ये ती आली. त्याआधी मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून खंड गोळा करत होतो. अजून ३८ ते ४१ माझ्याकडे नाहीत, आणि मला ते कागदावरच हवे आहेत.

नाडीपरीक्षा | रविवार, सायंकाळी ६:३०

मी मेंदूविकारांचा डॉक्टर आहे. लाल_कोपरा यांनी चौकातला प्रसंग लिहिला म्हणून लिहायला बसलो.

बॉक्सरच्या डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या विकाराचं वर्णन हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्ये केलं. त्यांच्या लेखाचं नावच 'पंच ड्रंक'. चाल अडखळते, हात थरथरतो, बोलणं जड होतं, माणूस प्यालेला वाटतो. पुढे यालाच 'डिमेन्शिया पुजिलिस्टिका' असं नाव पडलं. लक्षात घ्या, एका मोठ्या ठोशाने पडण्यापेक्षा वर्षानुवर्षं बसलेले, त्या वेळी 'काही नाही' म्हणून सोडून दिलेले मार यात जास्त महत्त्वाचे.

आता इप्पोची शैली बघा. तो मार खात आत शिरतो. प्रेक्षक म्हणून आपण टाळ्या वाजवतो, मीही वाजवल्या. पण 'रायझिंग'च्या शेवटी मोरिकावा आपल्याला युद्धानंतरच्या जपानमध्ये नेतात. तरुण कामोगावा, त्यांचा मित्र नेकोता, आणि अमेरिकी सैनिक अँडरसन. नेकोताच्या हाताला थरथर सुरू झालेली असते आणि ती तो मित्रापासून लपवतो. त्यात अँडरसन डोक्याच्या मागच्या बाजूला मारतो, जे नियमात बसत नाही. कामोगावा त्यानंतर डोंगराच्या कड्यात ओंडके मुठीने ठोकत बसतात, ते अँडरसनच्या पोटावर मारण्यासाठी. डोक्यावर नाही.

पाऊलवाट, तुमच्या मुलाने तो शेवटचा भाग बघून गप्प बसणं स्वाभाविक आहे. इप्पोची निवृत्ती तिथेच सुरू झालेली आहे. ज्या म्हाताऱ्याने मित्राचे हात थरथरताना पाहिले, तो आपल्या पोराच्या डोळ्यांत तेच बघायला किती घाबरत असेल! पुढे मांग्यात इप्पो कागदावर सरळ रेघ ओढायला जातो आणि रेघ वाकडी येते. त्या पानावर मी थांबलो, कारण माझ्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसांना मी हेच करायला सांगतो. मोरिकावा हे दाखवायला धजले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ज्या साप्ताहिकाने याच खेळावरची आधीची थोर मांगा 'आशिता नो जो' छापली, जिच्यातल्या रिकीइशी या पात्राचा १९७० मध्ये लोकांनी खराखुरा अंत्यविधी केला, त्याच साप्ताहिकात हा नायक रिंगणात मरत नाही, वेळेत बाहेर येतो.

कात्री | रविवार, रात्री ८:००

नाडीपरीक्षा, नेकोता आणि निवृत्ती यांची सांगड मी कधी घातली नव्हती. मधली दहा वर्षं ताणली आहेत हे माझं मत कायम, पण 'रायझिंग'चा शेवट आज पुन्हा बघतो.

लाल_माती | रविवार, रात्री ८:४५

जरा अवांतर. जपानी माणूस मूठभर लोकांच्या खेळावर ३५ वर्षं गोष्ट लिहितो आणि दहा कोटींवर प्रती खपतात. आपल्याकडे कुस्तीवर असं काही का नाही? १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्य घेतलं, त्या गटात सुवर्ण जपानच्या शोहाची इशीचं. गोळेश्वरचा मल्ल आणि जपानचा मल्ल एकाच मॅटवर! एवढी एक लढत घेऊन दोन खंड होतील. खाशाबांच्या बाजूने चार, इशीच्या बाजूने चार प्रकरणं. तालमीतली पहाट, हौद्यातली माती, खुराकाची ओढाताण, प्रवासाच्या पैशासाठी दारोदार फिरणं. कुणी चित्रं काढणार असेल तर तालमीतलं सगळं बारीकसारीक मी सांगेन, खरंच.

दाते_कुणाचे | रविवार, रात्री ८:५८

लाल_माती, वेगळा धागा काढा. मी चित्रं काढतो. गंमत नाही, व्यक्तिगत निरोप (व्यनि) करतोय.

वाट_बघतोय | रविवार, रात्री ९:१०

रात्री विचार करत होतो. आपल्याला इप्पोचे आकडे पाठ आहेत : २६ लढती, २३ विजय, ३ पराभव. हरला तो दाते, गोन्झालेस, गेवारा यांच्याकडून. पण मी आज आठवायला बसलो तर मला आठवले हरलेले लोक. व्होल्ग, आजारी आईसाठी परदेशात लढायला आलेला, इप्पोकडून हरला, आणि पुढे अमेरिकेत जाऊन जगज्जेता झाला. ते प्रकरण वाचताना मी ऑफिसच्या बसमध्ये रडलो आहे. उमेझावा, इप्पोला मारणारा पोरगा, तो पुढे त्याच्याच होडीवर काम करतो आणि मग मांगा काढायला शिकायला जातो. किमुरा, फुलांच्या दुकानातला, माशिबासमोर एका ठोशाने हुकला. त्या सामन्यानंतर तो जिमला परत येतो ते पाऊल मला कुठल्याही बेल्टपेक्षा मोठं वाटतं.

मियाता-इप्पो सामना मला अजूनही हवा आहे. पण वाचणं सोडलं नाही ते यांच्यामुळे. पाऊलवाट, वाचा हो.

निवांत_नारळ | रविवार, रात्री ९:२५

मी पहिला प्रतिसाद घाईत दिला. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही हे खरं. पण मी वाचणं थांबवलं नाही हेही खरं, आजही नवं प्रकरण आलं की आधी तेच उघडतो.

ओसाकाहून | रविवार, रात्री १०:१५

एक राहिलं. ॲनिमे सोडून कागदावर वाचणाऱ्याला कामोगावांचा आवाज सुटेल. उत्सुमी केन्जींनी तो आवाज दिला होता, ते जून २०१३ मध्ये गेले. 'रायझिंग' ऑक्टोबरात सुरू झाली, त्यात कोचचा आवाज वेगळा आहे. मी मांगा वाचतो तेव्हा मात्र डोक्यात उत्सुमीच बोलतात. मेहनत करणाऱ्या प्रत्येकाला फळ मिळतंच असं नाही, पण ज्याला मिळालं त्याने मेहनत केलेलीच असते, हे कोचचं म्हणणं तुमच्या मुलाने त्या आवाजात ऐकलं आहे. पुढच्या पानांवरही तोच त्याला ऐकू येईल.

पाऊलवाट | पुढचा शनिवार, सायंकाळी ७:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर रोज रात्री हा धागा वाचत होतो. सुरमई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. नाडीपरीक्षा, तुम्ही लिहिलेलं लेकाला माझ्या शब्दांत सांगितलं, रेघेचं सोडून. तो म्हणाला, "म्हणजे कोच घाबरतात? कोच?" मग म्हणाला, "मला वाचायचंय."

सुरुवात केली. ॲनिमेत बघितलेल्या सावामुराच्या लढतीपाशी उघडलं, म्हणजे हात बसेल. चित्रं हलत नाहीत म्हणून तो आधी कुरकुरला, आता ठोशाच्या पानावर थांबून बोटाने रेषांची दिशा बघत बसतो. नियम तोच, भांडी आधी.

आणि लाल_कोपरा, तुमच्यामुळे आमच्या सोसायटीच्या बदामाची पानं संपत आली आहेत. आज पहाटे त्याने तीन पकडली. पाचव्या वेळी पान हातात आलं तेव्हा त्याने मूठ उघडून बघितली, पान चुरगळलेलं नव्हतं. तो मला दाखवायला धावत आला. त्याला आता बॉक्सिंगच्या क्लासला घालावं का, हा वेगळा प्रश्न. तुम्ही काय म्हणाल?

लाल_कोपरा | शनिवार, रात्री ८:२०

घाला. पण क्लास बघायला आधी तुम्ही एकटे जा. नवीन मुलांना पहिल्या महिन्यात सरावाच्या लढतीत उतरवत असतील तर उलट पावली परत या. पायांचं काम, दोरीवरच्या उड्या, आरशासमोरचा जॅब, किमान तीन-चार महिने एवढंच हवं. बँडेज साडेचार मीटरचं घ्या. अंगठ्यात अडकवायचं, आधी मनगट, मग बोटांची पेरं, शेवटी पुन्हा मनगट. घट्ट करताना बोटं पसरलेली ठेवायला सांगा, नाहीतर मूठ मिटल्यावर रक्त अडतं. आणि डोक्याला कधीही लागलं, कितीही हलकं असो, तर त्याने घरी येऊन तुम्हाला सांगायचं. भांड्यांच्या नियमाच्या शेजारी हाही लिहून ठेवा.

तीन पानं म्हणालात ना? पहिल्या आठवड्यात माझी दोनच झाली होती.

सुरमई | शनिवार, रात्री ८:३१

दहा झाली की इथे कळवा त्याला सांगून.